तात्पर्य फळ्यावर न लिहिता

परिपाठात त्या दिवशी बोधकथेची पाळी सातवीतल्या एका मुलीची होती. ती लाकूडतोड्याची गोष्ट सांगत होती. देवतेने नदीतून सोन्याची कुऱ्हाड वर काढली आणि तेवढ्यात दुसरीच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "तात्पर्य, नेहमी खरं बोलावं!" गोष्ट अजून अर्ध्यावर होती. कुणी हसलं नाही, कुणी त्याला गप्प केलं नाही, कारण उत्तर बरोबरच होतं. तो खोडी काढत नव्हता. शाळेत दीड वर्ष काढल्यावर त्याला एवढं उमगलं होतं, की गोष्ट कुठूनही निघाली तरी ती कुठे पोचणार हे आधीच ठरलेलं असतं आणि आपण तिथे लवकर पोचलो की मोठी माणसं खूश होतात.

मी पाथर्डी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला मराठी आणि सामाजिक शास्त्रं शिकवते. आमच्या व्हरांड्याच्या भिंतीवर मूल्यशिक्षणातली दहा मूल्यं ऑइलपेंटने लिहिलेली आहेत: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता. रंग उडाला तेव्हा ती अक्षरं मी स्वतः दोनदा गिरवली आहेत. त्या शब्दांवर माझा विश्वास आहे. पण त्या सकाळी पहिल्यांदा जाणवलं, की भिंतीवरचे शब्द एकमेकांशी कधी भांडत नाहीत. माणसाच्या आयुष्यात ते भांडतात. खरं बोलावं तर कुणाचं तरी मन मोडतं, दिलेला शब्द पाळावा तर कुणाचं तरी नुकसान होतं. आणि मूल अशा कोंडीत सापडतं तेव्हा तात्पर्य सांगायला आम्ही कुणी तिथे नसतो.

शनिवारी सकाळची शाळा असते. अशा कोंडींवर मुलांशी बोलायला त्यातली शेवटची तासिका मी मागून घेतली. दोन वर्षांनी, २०२० साली, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि त्यात नैतिक विचार करायला शिकवण्याबद्दल वेगळा परिच्छेद वाचून मला बळ आलं. योग्य ते करण्याचं महत्त्व मुलांना लहानपणापासून कळावं, नैतिक निर्णय घ्यायची तर्कशुद्ध चौकट त्यांना मिळावी आणि पुढे फसवणूक, हिंसा, वाङ्मयचौर्य, कचरा टाकणं, सहिष्णुता, समानता अशा विषयांपर्यंत ती न्यावी, असं धोरण म्हणतं. ती चौकट कशी द्यायची, हे ज्याला त्याला आपापल्या वर्गात बसूनच शोधावं लागतं.

पहिल्या शनिवारी मी सहावीला स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांची गोष्ट सांगितली. मुलांची नैतिक समज कशी वाढते यावर त्यांचं १९३२ सालचं पुस्तक आहे, त्यातली. एक मुलगा जेवायला बोलावलं म्हणून दार ढकलून आत येतो, दारामागच्या खुर्चीवरचे पंधरा कप फुटतात; ते तिथे आहेत हे त्याला ठाऊक नसतं. दुसरा आई घरात नसताना चोरून मुरंबा काढायला जातो आणि एक कप फुटतो. जास्त चुकलं कोण? लहान मुलं फुटलेले कप मोजतात, मोठी होतात तशी हेतू बघायला लागतात, असं पियाजेंना आढळलं होतं. मुरंब्याच्या जागी मी गूळ घातला. मधल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "पंधरावाल्याची चूक नाय मॅडम, पण मार त्यालाच बसंल." मग वर्ग पेटला. मार कशाचा, चुकीचा की नुकसानीचा? एक मुलगी बराच वेळ गप्प होती, ती म्हणाली, "चूक कुणाची का असंना, कप भरून कोण देणार?" मी फळ्यावर तीन शब्द लिहिले: नुकसान, चूक, भरपाई. अर्ध्या तासापूर्वी त्या वर्गात हे तिन्ही शब्द एकच होते.

त्या यशाने मी धीट झाले आणि पुढच्या शनिवारी सातवीसमोर लॉरेन्स कोहलबर्ग यांचा प्रसिद्ध पेच मांडला. डी.एड.ला असताना त्यांच्या तीन पातळ्या आणि सहा पायऱ्या आम्ही पाठ केल्या होत्या. कोहलबर्ग यांनी १९५० च्या दशकात शिकागोतल्या मुलग्यांना ही गोष्ट विचारली होती. एका माणसाची बायको मरायला टेकली आहे. औषध एकाच दुकानदाराकडे आहे आणि तो खर्चाच्या दहापट किंमत मागतो. नवरा हिंडून निम्मेच पैसे जमवतो, दुकानदार ऐकत नाही. नवऱ्याने औषध चोरावं का? मुलगा हो म्हणतो की नाही, यापेक्षा का म्हणतो याकडे कोहलबर्ग यांचं लक्ष असे.

माझ्या वर्गाने हो-नाही काही म्हटलंच नाही. "मेडिकलवाला उधार देत न्हाई का?" "गावात वर्गणी काढायची." "पतसंस्थेत सोनं ठिवायचं." "नगरला सिव्हिलला नेलं व्हतं का?" एकाने सुचवलं, दुकानदाराच्या बायकोला जाऊन भेटायचं, तिला कळेल. मी प्रत्येक वेळी म्हणत होते, असं समजा की तोही मार्ग बंद आहे. चौथ्यांदा म्हणाले तेव्हा खिडकीजवळची मुलगी उठून उभी राहिली. "मॅडम, तुमीच सगळी दारं लावून घेताय, आन् मंग इचारताय चोरी करायची का."

मी तास आवरता घेतला. मुलांना प्रश्न कळला नाही, ती मुद्दा टाळतात, अशी माझी समजूत झाली होती. पुढे एका प्रशिक्षणात कॅरल गिलिगन यांचं नाव कानावर आलं. हार्वर्डमध्ये त्या कोहलबर्ग यांच्याबरोबर काम करत होत्या. १९८२ च्या त्यांच्या पुस्तकात एमी नावाची अकरा वर्षांची मुलगी आहे. तिला हाच पेच घातला तेव्हा तिनेही चोरीबद्दल सरळ उत्तर दिलं नाही. पैसे उसने घेता येतील, दुकानदाराशी आणखी बोलता येईल, चोरून नवरा तुरुंगात गेला तर आजारी बायकोकडे कोण बघेल, असं ती बोलत राहिली. कोहलबर्ग यांच्या मोजपट्टीवर अशा उत्तराला खालची पायरी मिळते. गिलिगन यांचं म्हणणं, ही मुलगी कमी विचार करत नाही, वेगळा विचार करते. तिला नियमापेक्षा माणसांमधली नाती दिसतात. ते ऐकताना मला खिडकीजवळची मुलगी आठवली. तिने मला दिलेलं उत्तर त्या वर्षातलं वर्गातलं सगळ्यांत चांगलं उत्तर होतं आणि मी ते नापास केलं होतं.

तेव्हापासून परगावचे पेच मी आणले नाहीत. प्रश्न वर्गातूनच घ्यायचे असं ठरवलं.

आमच्या भागातली निम्मीअधिक घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात राहावं लागतं. काही मुलं हंगामी वसतिगृहामुळे मागे राहतात, काही आईवडिलांबरोबर जातात आणि एप्रिलमध्ये परीक्षेच्या तोंडावर परत येतात. असाच परतलेला एक मुलगा सत्र परीक्षेत शेजारच्याचा पेपर बघून लिहीत होता आणि शेजारचा पेपर सरकवून दाखवत होता. मी पाहिलं आणि त्या वेळी काही बोलले नाही. परीक्षा संपल्यावर नावं न घेता तोच प्रश्न शनिवारी विचारला. वर्गाचे तीन कोपरे ठरवले: बरोबर, चूक, ठरत नाही. पटेल त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, दुसऱ्याचं पटलं तर जागा बदलायची, आणि जागा बदलणाऱ्याला कुणी हसायचं नाही.

बहुतेक सगळे 'बरोबर'मध्ये गेले. तो सहा महिने फडात होता, त्याला कसं येणार? मित्राला मदत करायची नाही तर कुणाला? दोघं-तिघं 'चूक'मध्ये होते, पण त्यांचं कारण पाठ केलेलं होतं: कॉपी करणं वाईट. त्याने कुणाला काही फरक पडला नाही. मग 'ठरत नाही'मध्ये एकटा उभा असलेला मुलगा म्हणाला, "त्यानं बघून लिव्हलं तर मॅडमला वाटंल त्याला समदं येतंय. मंग त्याला कोण शिकवणार?"

वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मग एक-एक करून सात मुलं कोपरा सोडून हलली. पेपर दाखवणं ही मदत आहे की मदतीची वाट अडवणं, असा प्रश्न आता उभा राहिला होता आणि तो मी उभा केला नव्हता. शेवटी एक मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "पण त्याला यायला पाहिजे व्हतं, तर परीक्षेच्या आधीच शिकवायचं ना." हे माझ्यासाठी होतं. परतणाऱ्या मुलांबरोबर एकेक जोडीदार बसवायचा, रोज मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटं, ही पद्धत आमच्या शाळेत त्या शनिवारपासून आली. महाराष्ट्रात परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ चा कायदा आहे, दरवर्षी कॉपीमुक्त अभियान असतं, भरारी पथकं फिरतात. ते सगळं दहावी-बारावीच्या दाराशी. त्या दारापर्यंत पोचणारं मूल पेपर सरकवायला सहावीतच शिकलेलं असतं, आणि ते मैत्रीपोटी शिकलेलं असतं, हे विसरून त्याच्याशी बोलता येत नाही.

या तासांमध्ये शब्दांकडे माझं लक्ष जायला लागलं. मुलं योग्य-अयोग्य म्हणत नाहीत. 'चालतं' म्हणतात. एवढं चालतं, कुणी बघत नसलं तर चालतं, सगळेच करतात म्हणून चालतं. हा शब्द घरातून, बाजारातून, आमच्या स्टाफरूममधून त्यांच्याकडे येतो. त्याच्यासमोर ठेवायला भाषेतच एक शब्द सापडला: पटतं. 'चालतं' म्हणताना माणूस दुसऱ्यांकडे बघतो, 'पटतं' म्हणताना त्याला स्वतःकडे बघावं लागतं. मी नियम केला, की तासात 'चालतं' म्हणायला बंदी नाही, पण ते कुणाला चालतं हे सांगायचं. "दुकानदाराला चालतं." "ज्याची पेन्सिल गेली त्याला चालतं का?" एवढ्या एका प्रश्नावर कितीतरी तास निघाले. कुणाला सोसावं लागणार, हा दुसरा प्रश्न मुलांनीच त्याला जोडला. यापलीकडे मी कुठली चौकट शिकवली असं मला वाटत नाही.

आणि आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला आजही जड जातं.

एका वर्षी आम्ही विनादुकानदाराचं दुकान लावलं. व्हरांड्यात टेबल, त्यावर वह्या, पेन, खोडरबर, पट्ट्या, किमतीचे कागद आणि पैसे टाकायला पत्र्याचा डबा. पहिला आठवडा सगळं जुळलं. दुसऱ्या आठवड्यात सदतीस रुपये कमी आले. मी सातवीत ते सांगितलं. सांगून होताच वर्गातल्या माना वळल्या. कुणी एक शब्द बोललं नाही, फक्त माना वळल्या आणि त्या सगळ्या एकाच मुलाकडे. तो पारधी समाजाचा होता, वाडीच्या बाहेर माळावर त्यांची पालं होती. आणि माझीही नजर तिकडे गेली. क्षणभरच. पण त्याने ती पाहिली.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे तो देशभर पसरला. पारध्यांसारख्या जमातींत आलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला. हे मी वर्गात शिकवलेलं आहे. त्याच सातवीला नागरिकशास्त्रात संविधानातले मूलभूत हक्क शिकवताना, समानतेवर प्रश्नोत्तरं घेतलेली आहेत. कागदावरून कायदा जाऊन जवळपास सत्तर वर्षं झाली होती आणि तो माझ्या डोळ्यांत शिल्लक होता.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी पालावर गेले. आजी बाहेर बसलेली होती. तिने मला बसायला गोणपाट दिलं आणि विचारलं, "काय गेलं बाई तुमचं?" मी काही गेलं नाही म्हणाले. "मंग पोरगं का रडतंय?" मी मुलाला बाहेर बोलावलं आणि त्याच्या आजीसमोर म्हटलं, की मी तुझ्याकडे बघायला नको होतं, माझं चुकलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आला, मागच्या बाकावर बसला.

शनिवारच्या तासाला मी दुकानाचाच विषय घेतला. काय करायचं? दप्तरांची झडती घ्यायची, असं बहुतेकांचं मत होतं. कॅमेरा बसवा, दुकान बंद करा, सगळ्यांकडून एकेक रुपया काढून भरून टाका, असंही निघालं. झडतीवर मत पक्कं होत आलं तेव्हा ती गुळाच्या गोष्टीत कप भरून कोण देणार म्हणणारी मुलगी, आता एक वर्षाने मोठी झालेली, म्हणाली, "झडती घेतली आन् त्याच्याकडं काय सापडलंच नाय, तर त्याचं गेलेलं कसं भरून द्यायचं?" कुणीतरी म्हणालं, त्याचं काय गेलं? ती म्हणाली, "सगळ्यांनी बघितलं ना."

तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. पाहायची गरजही नव्हती. मी वर्गासमोर उभं राहून सांगितलं, की गेल्या शनिवारी माना वळल्या तेव्हा माझीही वळली आणि त्याबद्दल मी माफी मागून आले आहे. मुलांना हे अपेक्षित नव्हतं. दोन मुलं तास संपल्यावर त्याच्या बाकाकडे गेली, काय बोलली ते मला ठाऊक नाही. बाकीच्यांनी काही केलं नाही. सगळा वर्ग एका तासात बदलत नाही.

झडती झाली नाही. मुलांनी हिशेब पुन्हा मांडला तेव्हा लक्षात आलं, की तीन रुपयांच्या खोडरबरला सुट्टे नाहीत म्हणून लहान वर्गातली मुलं दोनच रुपये टाकून जात होती आणि 'उद्या देतो' म्हणून विसरत होती. त्यातून तेवीस रुपये उलगडले. मग डब्याशेजारी उधारीची वही आली, किमती पाचाच्या पटीत आल्या. उरलेले चौदा रुपये कुठे गेले ते कधीच कळलं नाही. एका मुलाने विचारलं, मग ते कुणी घेतले हे शोधायचं नाही का? बराच वेळ चर्चा झाली. शोधायचं नाही असं ठरलं, पण एकमत झालं नाही. तीन मुलांना ते शेवटपर्यंत पटलं नाही आणि त्यांचं म्हणणंही मी वहीत लिहून घेतलं: न शोधणं हे घेणाऱ्याला 'चालतं' सांगणं आहे. त्यात तथ्य आहे असं मला अजून वाटतं.

वहीवरून आठवलं. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत प्रत्येक मुलाच्या वागण्याबद्दल वर्णनात्मक नोंद लिहायची असते. तयार नोंदींची पुस्तकं बाजारात मिळतात: 'नेहमी खरे बोलतो', 'इतरांना मदत करतो'. मीही वर्षानुवर्षं त्यातून उतरवलं. आता ते जमत नाही. ज्या मुलाने मत बदललं त्याच्यापुढे 'मित्राचे कारण ऐकून भूमिका बदलली' असं लिहिते, ज्याने बदललं नाही त्याच्यापुढे 'एकटा पडूनही कारण सोडले नाही' असं. दोन्ही चांगल्या नोंदी आहेत. श्रेणी मात्र यातल्या कशालाच देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. नीतीला श्रेणी लागली की दुसरीतला मुलगा पुन्हा गोष्ट संपण्याआधी तात्पर्य ओरडायला लागेल.

पण तयार उत्तरं मुलं फक्त गोष्टींमधून शिकत नाहीत. एकदा तपासणी होती. आदल्या दिवशी मीच वर्गात सांगितलं, की साहेबांनी विचारलं तर ग्रंथालयाची पुस्तकं दर आठवड्याला घरी मिळतात असं सांगा. पुस्तकं कपाटात कुलपात होती. हरवली तर भरून कोण देणार म्हणून. मुलांनी सांगितल्याप्रमाणे उत्तरं दिली, शेरा चांगला मिळाला. शनिवारी खरं-खोटं या विषयावर बोलणं चाललं होतं तेव्हा एका मुलाने अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, ते पुस्तकाचं आमी जे बोललो, ते कुठल्या कोपऱ्यात जाईल?" त्याच्या आवाजात दोष नव्हता, त्याला खरंच ठरवायचं होतं. मी 'चूक'च्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. सोमवारी कपाटाची किल्ली मागून घेतली. त्या वर्षी सहा पुस्तकं हरवली, चार फाटली आणि जी राहिली ती मळली, म्हणजे वाचली गेली.

शेवटचा प्रसंग तासातला नाही.

ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल कोयत्याप्रमाणे मिळते. त्यामुळे आणि मुलीला मागे एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची या काळजीने हंगामाच्या आधी पोरींची लग्नं उरकतात. बालविवाह रोखणारा कायदा २००६ चा आहे, मुलीचं वय अठरा, मुलाचं एकवीस. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक आम्ही शाळेच्या भिंतीवर लिहिलेला आहे. हे सगळं मुलींनाही माहीत असतं.

दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी आठवीतली एक मुलगी माझ्या घरी आली. तिच्या मैत्रिणीचं लग्न ठरलं होतं, अकरा दिवसांवर होतं. मैत्रिणीने तिला देवीची शपथ घालून कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं होतं. कारण कळलं तर वडील आईला मारतील. ही दोन रात्री झोपली नव्हती. तिने मला सगळं सांगितलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, शनिवारच्या तासाला एक प्रश्न घ्याल का? शपथ मोडायची की नाय, असा."

इतकी वर्षं मी माझं उत्तर माझ्याजवळ ठेवत आले होते. मुलांना कोपऱ्यात उभं करायचं, कारण विचारायचं, पटलं तर हलू द्यायचं, आपण मध्ये यायचं नाही. त्या संध्याकाळी मला दिसलं, की ही मुलगी विचार करून थकली आहे. दोन्ही बाजूंनी कोण किती सोसणार हे तिने दोन रात्री मोजलं होतं. तिला आणखी एक प्रश्न नको होता, ओझं उचलायला कुणी मोठं माणूस हवं होतं. मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबायचं नाही. कोण आहे ते मला सांग. शपथ तू मोडलीस असं मी कुणाला सांगणार नाही आणि पुढचं मी बघेन.

त्याच रात्री मी १०९८ ला फोन केला, सकाळी ग्रामसेवकांना भेटले. आईला मारहाण होईल ही भीतीही सांगितली. मंडळी घरी गेली, समजावलं, वय पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं वडिलांकडून हमीपत्र घेतलं. लग्न थांबलं. मुलीचं नाव हंगामी वसतिगृहात घातलं. आईला त्या आठवड्यात मार बसला की नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. मी दोनदा त्या घरी जाऊन आले. आई चहा करायची, काही बोलायची नाही.

दोघी मैत्रिणी एका बाकावर बसायच्या. त्या आठवड्यापासून बसेनाशा झाल्या. कुणी सांगितलं हे लग्न थांबलेल्या मुलीला कळलं होतं, गावात कळतंच. वर्षाअखेर निरोप समारंभ झाला, मुलं घरी निघाली आणि सांगणारी मुलगी व्हरांड्यात माझ्याजवळ थांबली. भिंतीवरची दहा मूल्यं तिच्या मागे होती.

"मॅडम, मी केलं ते बरोबर व्हतं का?"

या वेळी मी 'तुला काय वाटतं' असं विचारलं नाही. "हो," म्हटलं. "बरोबर केलंस."

"मंग ती बोलत का नाय?"

मी तिच्याजवळ पायरीवर बसले. समोरच्या मैदानात पताका अजून उतरवायच्या राहिल्या होत्या. तिची मैत्रीण फाटकाशी दुसऱ्या मुलींबरोबर उभी होती, एकदा तिने आमच्याकडे वळून पाहिलं आणि मग वसतिगृहाच्या वाटेला लागली.